सोडवायला आलेले: पूर्वेची प्रतिमा आणि तिचं राजकारण

मागच्या भागात आपण वसाहतींच्या अर्थकारणाबद्दल बोललो. कापूस, मीठ, रेल्वे, शेतसारा. त्या वेळी एक मुद्दा मी मुद्दाम आजच्यासाठी ठेवला होता. दुसऱ्याच्या देशावर राज्य करायला सैन्य लागतं, पैसा लागतो, हे आपल्याला लगेच पटतं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट लागते: कारण. आपण त्या देशात का आहोत, हे आपल्या मतदाराला, खासदाराला, आपल्याच घरातल्या माणसांना सांगता यावं लागतं. 'आम्हाला कापूस हवा आहे' असं सांगून भागत नाही. 'तिथल्या लोकांना आमची गरज आहे' असं सांगावं लागतं.

हे कारण कसं तयार होतं, ते आज बघायचं आहे. विषय फार मोठा आहे, म्हणून मी एकच धागा घेतो. पूर्वेकडची पिचलेली स्त्री आणि तिला सोडवायला आलेला पश्चिमेकडचा माणूस. गेल्या दोनशे वर्षांत हे चित्र कैरोत वापरलं गेलं, मुंबईत, दिल्लीत, अल्जियर्समध्ये आणि अगदी आपल्या डोळ्यांसमोर काबूलमध्ये.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. या चित्रातलं दुःख बहुतेक वेळा खरं असतं. बालविवाह खरे होते, सती खरी होती, आज अफगाणिस्तानात मुलींच्या शाळा खरोखर बंद आहेत. त्यामुळे 'हे सगळं पाश्चात्त्यांनी रचलेलं आहे' असं मी म्हणणार नाही. प्रश्न असा आहे की त्या दुःखाचं पुढे काय केलं गेलं.

पौर्वात्यवाद म्हणजे काय

१९७८ मध्ये एडवर्ड सईद यांचं 'ओरिएंटॅलिझम' हे पुस्तक आलं. सईद जेरुसलेममध्ये जन्मलेले पॅलेस्टिनी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात साहित्याचे प्राध्यापक. त्यांच्या आधी या शब्दाला फारसा वाईट अर्थ नव्हता. पूर्वेकडच्या भाषा आणि ग्रंथ यांचा अभ्यास, एवढाच अर्थ होता. सईद यांनी दाखवलं की या अभ्यासातून, आणि त्याच्या आजूबाजूच्या कादंबऱ्या, चित्रं, प्रवासवर्णनं, सरकारी अहवाल यांतून, 'पूर्व' नावाची एक वस्तू घडवली गेली. ती पूर्व आळशी, कामुक, गूढ, हुकूमशाहीला सरावलेली आणि कधीच न बदलणारी होती. तिच्यासमोर पश्चिम आपोआप उद्योगी, संयमी, तर्कनिष्ठ आणि पुढे जाणारी ठरली.

हे घडवण्याच्या तीन सवयी आहेत. त्या लक्षात ठेवल्या की पुढची उदाहरणं सोपी होतील.

पहिली सवय, सगळ्यांना एकत्र मोजणं. मोरोक्कोपासून जपानपर्यंत सगळं एकच 'पूर्व'. दुसरी सवय, काळ थांबवणं. युरोपला इतिहास असतो, तिथे शतकागणिक बदल होतात. पूर्वेला मात्र फक्त 'परंपरा' असते, ती हजारो वर्षं तशीच. तिसरी सवय, त्यांच्या वतीने बोलणं. तिथल्या माणसाला काय वाटतं ते त्याला विचारायचं नाही. त्याच्याबद्दल एका पाश्चात्त्याने लिहिलेलं दुसऱ्या पाश्चात्त्याने आधाराला घ्यायचं.

सईद यांच्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर जाँ-लिओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराचं 'गारुडी' हे चित्र असतं. साधारण १८७९ चं. एक नग्न मुलगा अंगाभोवती अजगर घेऊन उभा आहे, शेजारी बासरी वाजवणारा म्हातारा, आणि भिंतीला टेकून बसलेले हत्यारबंद लोक बघताहेत. भिंतीवरच्या निळ्या फरशा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या फरशांवरून घेतलेल्या. साप खेळवणं मात्र इजिप्तकडचं. दोन ठिकाणं एका चौकटीत बसवली आहेत. पण फरशांवरची नक्षी इतकी बारकाईने रंगवली आहे की बघणाऱ्याला वाटतं, हा तर फोटोच. लिंडा नॉकलिन या कला-इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये यावर लिहिताना म्हटलं की अशा चित्रांत पाश्चात्त्य माणूस कधी दिसत नाही, कारण चित्र त्याच्याच डोळ्यांतून रंगवलेलं असतं.

सईद यांच्यावर टीकाही झाली आणि तीही माहीत असायला हवी. पूर्वेचा अभ्यास करणारे सगळेच साम्राज्याचे चाकर नव्हते. विल्यम जोन्सने १७८४ मध्ये कलकत्त्याला एशियाटिक सोसायटी काढली. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली, म्हणून अशोकाचे शिलालेख आपल्याला वाचता आले. हे ऋण नाकारण्याचं कारण नाही. ज्ञान आणि सत्ता एकाच इमारतीत राहत होत्या, एवढं मात्र विसरायचं नाही.

मोजपट्टी कुठून आली

आता आपल्या धाग्याकडे येऊ. १८१७ मध्ये लंडनमध्ये जेम्स मिल यांचा 'ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास' प्रसिद्ध झाला. मिल हिंदुस्थानात कधी आले नव्हते. त्यांना इथली एकही भाषा येत नव्हती. प्रस्तावनेत त्यांनी हे लपवलं तर नाहीच, उलट दुरून बघणाऱ्यालाच निःपक्षपाती बघता येतं असा दावा केला. भारताच्या इतिहासाचे हिंदू, मुसलमानी आणि ब्रिटिश असे तीन कालखंड आपण शाळेत शिकलो, त्या वाटणीमागे याच पुस्तकाचा मोठा हात आहे. बघा, पहिल्या दोन कालखंडांना धर्माचं नाव आणि तिसऱ्याला देशाचं.

याच ग्रंथात मिल यांनी एक मोजपट्टी वापरली: समाजात स्त्रियांची स्थिती कशी आहे, त्यावरून तो समाज संस्कृतीच्या कोणत्या पायरीवर आहे ते ठरतं. ऐकायला हे आपल्याला आजही पटेल. पण ती पट्टी लावली गेली फक्त एका बाजूला. १८१७ च्या इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येत नव्हती. तो हक्क तिला पूर्णपणे मिळायला १८८२ साल उजाडलं. त्या पायरीची नोंद कुणी केली नाही.

पुस्तक आल्यावर दोन वर्षांत मिल यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरी मिळाली आणि पुढे ते तिथे फार वरच्या पदावर गेले. कंपनीचे तरुण अधिकारी इथे येण्याआधी ज्या हेलिबरी कॉलेजात शिकत, तिथे हा ग्रंथ अभ्यासाला होता. म्हणजे इथे उतरण्याआधीच, कुणाशी एक वाक्य बोलण्याआधीच, आपण कोणत्या पायरीवरच्या लोकांवर राज्य करायला चाललो आहोत हे त्यांना पाठ असे.

लॉर्ड क्रोमर यांचे दोन पत्ते

ही मोजपट्टी प्रत्यक्ष राज्यकारभारात कशी वापरली गेली, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण इजिप्तमध्ये सापडतं. इंग्लंडने १८८२ मध्ये इजिप्त ताब्यात घेतला. १८८३ ते १९०७ तिथे खरी सत्ता एका माणसाच्या हातात होती: एव्हलिन बेअरिंग, म्हणजे लॉर्ड क्रोमर. त्याआधी ते भारतात होते. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक यांचे खासगी सचिव, आणि नंतर रिपन यांच्या काळात अर्थखात्याचे प्रमुख.

निवृत्तीनंतर १९०८ मध्ये त्यांनी 'मॉडर्न इजिप्त' हा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. इजिप्शियन लोकांना स्वतःचं राज्य का चालवता येणार नाही, याची त्यांनी जी कारणं दिली त्यात पडदा आणि स्त्रियांना मिळणारी वागणूक हे मोठं कारण होतं. पडदा सुटल्याशिवाय हा समाज वर येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग चोवीस वर्षं सत्ता हातात असताना त्यांनी स्त्रियांसाठी काय केलं? लैला अहमद या इजिप्शियन-अमेरिकन विदुषींनी १९९२ च्या त्यांच्या पुस्तकात याचा हिशेब मांडला. सरकारी शाळांची फी वाढवली गेली, त्यामुळे मुलींचं शिक्षणही आखडलं. इजिप्तमध्ये १८३२ पासून स्त्रियांना वैद्यकी शिकवणारी एक शाळा होती, आणि तिथे मुलींना मुलांइतकीच वर्षं शिकवत. क्रोमर यांच्या काळात ती दाईकामापुरती उरली.

आणि आता दुसरा पत्ता. इंग्लंडला परतल्यावर हेच क्रोमर इंग्लिश स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळू नये म्हणून चाललेल्या चळवळीचे पुढारी झाले. त्या देशव्यापी संघटनेचे ते अध्यक्ष होते. कैरोमध्ये स्त्रीमुक्तीचा कैवार आणि लंडनमध्ये स्त्रीच्या मताला विरोध. यात विसंगती वाटते, पण दोन्हीकडे हेतू एकच होता: सत्ता आहे त्यांच्या हातात राहू देणं.

मुंबईच्या कोर्टात रखमाबाई

आता आपल्या घराजवळ येऊ. या गोष्टीवर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण 'इंग्रजांनी आपल्या स्त्रियांना सोडवलं' या समजुतीची खरी परीक्षा इथे होते.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. मुंबईत आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहिल्या, शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी हायकोर्टात दावा लावला की बायकोला माझ्याकडे नांदायला पाठवा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. पुढे अपील झालं, निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी सांगितलं की मी तुरुंगात जाईन.

आता ही गोष्ट आपण साधारण अशी ऐकलेली असते की एकीकडे जुनाट हिंदू रूढी आणि दुसरीकडे आधुनिक इंग्रजी न्याय. पण जरा कायद्यात डोकावून बघा. बायकोला नांदायला पाठवण्याचा असा दावा लावण्याची तरतूद हिंदू धर्मशास्त्रात नव्हती. ती इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेली. न्यायमूर्ती पिन्ही यांनी आपल्या निकालात नेमकं हेच दाखवून दिलं होतं. इतकंच नाही, खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, अशा प्रकरणातली तुरुंगाची शिक्षा रद्द केली होती. हिंदुस्थानच्या दिवाणी कायद्यात मात्र ती तशीच होती.

थोडक्यात, रखमाबाईंना जी बेडी घातली जात होती तिचा निम्मा भाग इथल्या रूढीचा होता आणि निम्मा इंग्रजी कायद्याचा. आणि तिच्याविरुद्ध बोलणारी व्यक्ती होती ती स्वतः रखमाबाई. १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने आलेली बालविवाहाविरुद्धची पत्रं त्यांची होती. पंडिता रमाबाईंनीही त्या वेळी इंग्रज सरकारला सोडलं नाही. या बाबतीत इंग्रज सत्ता आणि इथले पुरुष एकाच बाजूला उभे आहेत, असा त्यांचा रोख होता.

१८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, परत आल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षं रुग्णसेवा केली. त्यांना लंडनला जायला मदत करणाऱ्यांत इंग्लिश माणसंही होती, हेही सांगायला हवं. सगळे पाश्चात्त्य एकसारखे, असं म्हणणं हीसुद्धा सईद यांनी सांगितलेली पहिली सवयच आहे, उलट्या बाजूने.

या गोष्टीची शेपटी अजून संपलेली नाही. हा चर्चच्या कोर्टातला दावा स्वतंत्र भारताच्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आला. तुरुंगाची शिक्षा आता नाही, पण दावा आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. इंग्लंडने स्वतः हा प्रकार १९७० मध्ये पूर्ण रद्द केला. आता मला सांगा, यातली 'आपली परंपरा' कोणती आणि 'पाश्चात्त्य' काय?

१९२७: एक पुस्तक आणि एक कमिशन

कॅथरीन मेयो या अमेरिकन लेखिका. १९२५ मध्ये त्यांनी फिलिपिन्सवर पुस्तक लिहिलं होतं, अमेरिकेने त्या बेटांना स्वातंत्र्य देऊ नये असा त्याचा सूर. त्यानंतर त्या काही महिने भारतात फिरल्या आणि १९२७ मध्ये 'मदर इंडिया' प्रसिद्ध झालं. बालविवाह, बाळंतपणातले मृत्यू, अस्पृश्यता, अस्वच्छता असं सगळं त्यात होतं. आणि निष्कर्ष असा की ज्या समाजाचं घरातलं वागणं असं आहे, त्याला स्वराज्य पेलणार नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्यांना माहिती आणि मदत पुरवली होती, हे पुढे कागदपत्रांतून उघड झालं.

वेळ बघा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सायमन कमिशन जाहीर झालं. भारताला किती अधिकार द्यायचे हे ठरवणारं सात जणांचं कमिशन, आणि त्यात एकही भारतीय नाही. पुस्तक आणि कमिशन यांचं म्हणणं एकमेकांना पूरक होतं: यांचं यांना ठरवता येणार नाही.

गांधीजींनी 'यंग इंडिया'त या पुस्तकाला गटार तपासनिसाचा अहवाल म्हटलं. हा शेरा सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच लेखात गांधीजींनी आपल्या वाचकांना असंही सुचवलं होतं की या आरोपांतून आपण काही शिकावं. तो भाग फारसा सांगितला जात नाही. लाला लजपतराय यांनी १९२८ मध्ये 'अनहॅपी इंडिया' लिहून उत्तर दिलं.

मला मात्र सगळ्यात महत्त्वाचं उत्तर वाटतं ते भारतीय स्त्रियांच्या संघटनांचं. मेयोबाईंचं पुस्तक येण्याच्या आधीच, जानेवारी १९२७ मध्ये, पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं होतं. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड. हरविलास सारडा यांचं बालविवाहाविरुद्धचं विधेयकही विधिमंडळात आलेलं होतं. सरकारने १९२८ मध्ये याच प्रश्नावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सर मोरोपंत जोशी हे मराठी गृहस्थ होते.

स्त्रियांच्या संघटनांनी बालविवाह होतच नाहीत असा पवित्रा घेतला नाही. हो, आमच्याकडे बालविवाह आहेत, आम्ही ते बंद करायला निघालो आहोत, आणि आजवर हात आखडता घेत आलंय ते तुमचं सरकार, असं त्यांचं म्हणणं होतं. मेयोबाईंच्या पुस्तकाने उठलेल्या वादळाचा उपयोग त्यांनी कायद्यासाठी करून घेतला. इतिहासकार मृणालिनी सिन्हा यांनी यावर सविस्तर लिहिलं आहे. सप्टेंबर १९२९ मध्ये सारडा कायदा मंजूर झाला: मुलीसाठी किमान १४ वर्षं, मुलासाठी १८. त्याच वर्षी लंडनमधल्या एका परिषदेत ब्रिटिश स्त्रिया भारतीय स्त्रियांचं भलं कसं करायचं याची चर्चा करत असताना धनवंती रामा राव यांनी उठून हरकत घेतली, की हे काम आमचं आहे आणि आम्ही ते करतो आहोत.

आणि कायदा झाल्यावर ब्रिटिश सरकारने काय केलं? अंमलबजावणीत ढिलाई. सनातनी मंडळी दुखावतील आणि राज्य करणं अवघड होईल, ही भीती. ज्या बालविवाहामुळे भारतीय स्वराज्याला नालायक ठरत होते, तोच बालविवाह थांबवण्याची वेळ आली तेव्हा सरकारला घाई नव्हती.

अल्जियर्स आणि काबूल

पुढची दोन उदाहरणं थोडक्यात सांगतो, कारण साचा आता तुमच्या लक्षात आला असेल.

मे १९५८, अल्जियर्स. अल्जेरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं. फ्रेंच सैन्याच्या देखरेखीखाली जाहीर समारंभ झाले. काही मुसलमान स्त्रियांना मंचावर आणून त्यांचे बुरखे उतरवण्यात आले, छायाचित्रं जगभर गेली. फ्रान्स स्त्रियांना मुक्त करतोय, असा संदेश. पण फ्रान्समधल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क १९४४ मध्ये मिळाला होता, आणि अल्जेरियाच्या मुसलमान स्त्रियांना तो प्रत्यक्ष वापरता आला तो १९५८ मध्ये, युद्ध हातातून निसटायला लागल्यावर. फ्रांत्झ फॅनन यांनी यावर लिहिलं की बुरख्यावर हल्ला झाल्यामुळेच तो प्रतिकाराची खूण बनला. म्हणजे सोडवण्याच्या या नाटकाने स्त्रीची निवड आणखी अवघड केली. बुरखा काढला तर ती फ्रेंचांची, ठेवला तर मागासलेली.

१७ नोव्हेंबर २००१. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून भाषण केलं. अफगाणिस्तानातलं युद्ध हे तिथल्या स्त्रियांच्या हक्कांसाठी आणि प्रतिष्ठेसाठीचंही युद्ध आहे, असं त्यांनी मांडलं. तालिबानच्या राज्यात स्त्रियांचे हाल होत होते यात शंका नाही. पण १९८० च्या दशकात सोव्हिएत फौजांविरुद्ध ज्या मुजाहिदीन गटांना अमेरिकेने पैसा आणि शस्त्रं दिली, त्यांतले अनेक स्त्रियांच्या बाबतीत फार वेगळे नव्हते. तेव्हा हा प्रश्न आठवला नाही. १९७७ मध्ये काबूलमध्ये स्थापन झालेली 'रावा' ही अफगाण स्त्रियांचीच संघटना तालिबानच्याही विरोधात होती आणि अमेरिकी बॉम्बहल्ल्यांच्याही. तिचं पहिलं म्हणणं उचललं गेलं, दुसरं नाही. मानववंशशास्त्रज्ञ लैला अबू-लुघोद यांनी २००२ मध्ये विचारलं की मुसलमान स्त्रियांना खरंच कुणी बाहेरून सोडवण्याची गरज आहे का, आणि तो प्रश्न अजूनही उभा आहे.

मग २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोह्यात अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला. युद्धाला जे कारण म्हणून सांगितलं होतं, त्या स्त्रियांच्या हक्कांचा त्या करारात उल्लेखही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सैन्य गेलं. त्यानंतर सहावीच्या पुढे मुलींच्या शाळा बंद, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठंही बंद. अफगाण मुलगी मात्र तिथेच आहे.

उलटा आरसा

इथपर्यंत ऐकून आपल्याला बरं वाटू शकतं. बघा, पाश्चात्त्यांनी आपल्याला कसं बदनाम केलं! म्हणून आता थोडं कठीण बोलतो.

जे चित्र बाहेरचे आपल्यावर राज्य करायला वापरतात, त्याचाच उलटा आरसा आपल्यातले लोक आपल्याच माणसांना गप्प करायला वापरतात. १८९० च्या सुमारास संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्रात रण माजलं. मुलीचं संमतिवय १० वरून १२ करायचं, एवढाच प्रश्न. टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा; सुधारणा लोकांनी आपण होऊन करावी, आणि मुलींची लग्नं सोळाव्या वर्षानंतर व्हावीत अशी स्वेच्छेची सूचनाही त्यांनी मांडली होती. परक्या सत्तेबद्दलची त्यांची शंका खोटी नव्हती, हे आपण आत्ताच पाहिलं. पण त्या वादात दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं काय, हा प्रश्न मागे पडला. कलकत्त्याची फुलमणी तेवढ्याच वयात नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. दोन्ही बाजूंचे पुरुष राष्ट्र आणि साम्राज्य यांवर बोलत होते.

आज तालिबानही हेच म्हणतं: स्त्रियांचे हक्क ही पाश्चात्त्य कल्पना आहे. पाश्चात्त्य प्रतिमेवरची टीका अशा लोकांच्या हातातली ढाल होऊ नये, ही जबाबदारी टीका करणाऱ्यांची आहे.

दुसरं उदाहरण तुमच्या फोनमध्ये असेल. मेकॉलेच्या नावाने एक उतारा फिरतो: मी सगळा भारत फिरलो, एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही, म्हणून यांची संस्कृती मोडली पाहिजे, वगैरे. खाली लिहिलेलं असतं, ब्रिटिश पार्लमेंटमधलं भाषण, २ फेब्रुवारी १८३५. त्या दिवशी मेकॉले कलकत्त्यात होता, लंडनमध्ये नव्हता. त्याच तारखेला त्याने शिक्षणावरचं आपलं टिपण लिहिलं, ते उपलब्ध आहे, आणि त्यात हा उतारा नाही. त्या टिपणात आहे ते याच्या उलट: संस्कृत किंवा अरबी येत नसतानाही त्याने तिथलं सगळं साहित्य युरोपच्या ग्रंथालयातल्या एका फळीच्या पासंगाला पुरणार नाही, अशा अर्थाचं लिहिलं. खरा अपमान हाताशी असताना आपण खोटी स्तुती फिरवतो. कारण तीत कधीच न बदललेली, निर्मळ पूर्व आहे. सईद यांनी सांगितलेली दुसरी सवय, काळ थांबवण्याची, आपण स्वतःलाच लावून घेतलेली आहे.

मग ओळखायचं कसं

पुढच्या वेळी एखाद्या देशातल्या स्त्रियांचे, अल्पसंख्याकांचे किंवा आदिवासींचे हाल दाखवणारी बातमी आली, तर मी स्वतःला चार प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारून बघा.

एक, ज्यांच्याबद्दल बोललं जातंय त्यांच्यापैकी कुणाचा आवाज या बातमीत आहे का, आणि असेल तर त्याचं सगळं म्हणणं आहे की सोयीचं तेवढंच?

दोन, हा प्रश्न आत्ताच का निघाला? १९२७ मध्ये सायमन कमिशन होतं, १९५८ मध्ये हातातून सुटणारी वसाहत. आज काय आहे?

तीन, जो कैवार घेतोय तो स्वतःच्या घरात काय करतो? क्रोमर आठवा.

चार, या कळवळ्यातून शेवटी काय मागितलं जातंय? शाळा, दवाखाना, कायदा, की सैन्य, निर्बंध आणि राज्य करण्याचा परवाना?

आणि हे प्रश्न फक्त पश्चिमेकडे रोखून चालणार नाही. आपल्याच देशात मोठ्या शहरातला माणूस बस्तरबद्दल, काश्मीरबद्दल, ईशान्येकडच्या राज्यांबद्दल बोलतो तेव्हा त्याच तीन सवयी दिसतात: सगळे एकसारखे, कधी न बदलणारे, आणि त्यांच्या वतीने आपण बोलायचं. इंदूरला, बेळगावला, हैदराबादला राहणाऱ्या मराठी माणसाला तर दुसऱ्याने आपलं चित्र काढण्याचा अनुभव रोजचा असतो. 'तुम्ही महाराष्ट्रीय म्हणजे असेच' हे त्याने ऐकलेलं असतं. चुकीच्या चित्रात अडकणं काय असतं, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

दुःख खरं असेल तर ते खरं म्हणून मान्य करायचं, आणि त्याचा सौदा कोण करतंय तेही बघायचं. ही दोन्ही कामं एका वेळी करता येतात. रखमाबाईंनी ती केली, आणि महिला परिषदेच्या बायकांनीही केली.

पुढच्या भागात आपण याच विषयाचा दुसरा पैलू घेऊ: 'गुन्हेगार जमाती' ही कल्पना १८७१ च्या कायद्यात कशी आली आणि तिचे चटके भटक्या-विमुक्तांना आजही कसे बसतात. तोपर्यंत नमस्कार.